ब्लॉक की चार्ज? निकाल टक्कर होण्याआधीच लागतो

बास्केटबॉलमध्ये चेंडू घेऊन रिंगकडे झेपावलेला खेळाडू डिफेंडरवर आदळतो, दोघेही आडवे होतात. चूक डिफेंडरची असेल तर ब्लॉक, आदळणाऱ्याची असेल तर चार्ज. प्रेक्षक डिफेंडरकडे बोट दाखवून ओरडतात, "त्याचे पाय हलत होते!" पण डिफेंडरने पाय रोवून उभं राहावं अशी अट फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत नाही.

नियमाला हवं ते इतकंच: प्रतिस्पर्ध्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर. ही स्थिती एकदा मिळवली की डिफेंडर बाजूला किंवा मागे सरकू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो, धक्का सोसायला अंग वळवू शकतो. पुढे सरकून भिडला किंवा हात-गुडघा बाहेर काढून वाट अडवली, तर ब्लॉक. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यासमोर अगदी ऐनवेळीही उभं राहता येतं. चेंडू नसलेल्यासमोर मात्र एक-दोन पावलांचं अंतर सोडावं लागतं. आणि समोरचा उडी घेणार असेल, तर त्याचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी जागा घेतलेली हवी. त्यानंतर आडवं आल्यास धडक थेट छातीवर बसली तरी ब्लॉकच.

म्हणून पंचाने चेंडूकडे नाही, डिफेंडरकडे बघायचं. कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. एका वस्तूवरून दुसरीवर नजर उडी मारते, पण ती उडी सुरू व्हायलाच साधारण 200 मिलिसेकंद लागतात. सेकंदाला 5 मीटर वेगाने येणारा खेळाडू तेवढ्यात 1 मीटर कापतो. नजर उडत असताना जे दिसतं, तेही मेंदू बऱ्याच अंशी दाबून टाकतो. शिवाय दोन घटनांपैकी आधी कोणती घडली हे खात्रीने सांगायला त्यांच्यात साधारण 20 ते 40 मिलिसेकंदांचं अंतर तरी लागतं. डिफेंडरचा पाय टेकणं आणि उडी घेणाऱ्याचा पाय सुटणं त्याहून जवळ आलं, तर उत्तम पंचाच्या डोळ्यांचीही मर्यादा संपते.

चूक सहज होऊ शकते ती मदतीला धावून येणाऱ्या दुसऱ्या डिफेंडरच्या बाबतीत. ड्राइव्ह, म्हणजे चेंडू घेऊन रिंगकडे धाव, सुरू होताच बेसलाइनवरच्या (रिंगमागच्या सीमारेषेवरच्या) पंचाने त्याला हेरायला हवं. दोन खेळाडू एका रेषेत आले की पुढच्याची पाठ तेवढी दिसते. बाजूला एक-दोन पावलं टाकली की मधली फट उघडी पडते. मग मात्र थांबून बघावं, कारण धावताना डोळ्यांसमोरचं चित्रच हलत राहतं.

पडण्यावरून निर्णय देणं सर्वात धोक्याचं. 90 किलोचा खेळाडू सेकंदाला 5 मीटर वेगाने तेवढ्याच वजनाच्या, उभ्या डिफेंडरवर आदळला आणि दोघे एकत्र पुढे गेले, तर वेग सेकंदाला 2.5 मीटर होतो. डिफेंडर नियमात होता की नव्हता, धक्का सारखाच बसतो.

रिंगखालचं अर्धवर्तुळ आतल्या कडेपर्यंत 1.25 मीटर त्रिज्येचं असतं. डिफेंडरचा एक पाय जरी त्यात किंवा त्याच्या रेषेवर असेल, तर चेंडूसह हवेत असलेल्या आणि शॉट किंवा पास करणाऱ्या खेळाडूवर चार्ज देता येत नाही. अपवाद एकच: हवेतल्या खेळाडूने हात, पाय किंवा अंगाचा बेकायदा वापर केला तर. त्यामुळे धडकेआधी पंचाच्या नजरेत तो पाय आणि ती रेषा दोन्ही हवीत.

शिट्टी वाजल्यावर आधी फक्त मूठ वर. दुसऱ्या पंचाचीही मूठ वर असेल तर आधी नजरानजर, गरज पडल्यास दोन शब्द. त्यानंतरच हात कमरेवर ठेवून ब्लॉक, किंवा तळव्यावर मूठ आपटून चार्ज.