भरल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी अवघड

बेळगावातल्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे भाच्यानं ब्रेक दाबला. व्हॅन थांबली. आता काही व्हायचं नाही असं वाटत असतानाच गाडीनं पुढं मान टाकली, मागं झाली, पुन्हा पुढं वाकली. पाठीमागं ‘ढुबुक्’ असा जाड आवाज.

“मागनं कोण ढकलतंय काय की?” मी विचारलं.

“टाकी हो, मामा. सकाळी भरलेली असते तवा गप असते. दुपारी अर्धी झाली की नखरे सुरू.”

भाचा काचा धुण्याचं काम करतो. खानापूर रोड, कॉलेज रोडकडं दुकानांच्या दर्शनी भिंती आता काचेच्या झाल्यात, आणि आमच्याकडची तांबडी धूळ काचेवर बसली की सोडत नाही. लांब दांड्याच्या टोकाला ब्रश, ब्रशातून पाणी. खाली उभं राहून दुसरा मजला धुता येतो, शिडी नको. ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगलीच रुळली आहे. यात काच पुसत नाहीत, पाणी आपोआप वाळू देतात. म्हणून ते पाणी क्षारमुक्त लागतं. बोअरच्या एक लिटर पाण्यात 300 मिलिग्रॅम क्षार असतील, तर पाणी उडून जातं आणि क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानं काचेवर राहतात. गिऱ्हाइकाच्या दारातलं पाणी चालत नाही. घरी गाळून आणावं लागतं. म्हणून ही टाकी.

त्याला मुळात 500 लिटरची बसवायची होती. “जेवढी मोठी तेवढं बरं की!” मी म्हटलं, आधी आरसी बुक काढ. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं तर हातात साडेपाचशे किलो आले. त्यातून तो आणि मदतनीस मिळून 130, पंप, बॅटरी, पाइप, दांडे मिळून 60, टाकीचं स्वतःचं वजन 25, लोखंडी सांगाडा 35. राहिले 300. पाण्याचा हिशेब सोपा, लिटरला किलो. ब्रशातून मिनिटाला दोन लिटर पाणी जातं असं धरलं तर 300 लिटर अडीच तास पुरतात, आणि अडीच तास सलग ब्रश चालतो तरी कुठं? निम्मा वेळ पाइप गुंडाळण्यात आणि वॉचमनची समजूत काढण्यात जातो.

तर टाकी आली 300 लिटरची. लांबी 1.2 मीटर, रुंदी 60 सेंटिमीटर, उंची 42. आडवी, बुटकी. निवड वाईट नव्हती. उभी टाकी जागा कमी खाते, पण वजन उंचावर नेते, आणि वजन जितकं उंच तितकी वळणावर गाडी कलंडायला सोपी. छपरावरची गोल टाकी काही जण तशीच गाडीत ठेवतात, ते तर नकोच. ती स्लॅबवर निवांत बसायला बनवलेली असते. धक्के खायला नव्हे.

पण बुटक्या टाकीचीही एक खोड असते. तिच्यात पाण्याला पसरायला जागा फार. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण माणसांवर वापरतो, पण भौतिकशास्त्र म्हणूनही ती खरी आहे.

काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला वाव नसतो. ती दगडासारखी वागते. जड, पण सरळ. अर्धी झाली की वर मोकळा पृष्ठभाग मिळतो. गाडीचा वेग कमी होतो, पाण्याचा होत नाही. ते पुढं चढतं. किती चढतं तेही काढता येतं. जरा जोराचा ब्रेक म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 0.3 पट मंदन धरू. पाण्याचा पृष्ठभाग तेवढ्याच उतारानं कलतो, म्हणजे दर मीटरला 30 सेंटिमीटर. अर्ध्या टाकीत पाणी 21 सेंटिमीटर खोल होतं. टाकीच्या मध्यापासून पुढच्या टोकापर्यंत 60 सेंटिमीटर. तेव्हा पुढं पाणी 18 सेंटिमीटर चढतं, मागं तेवढंच उतरतं. पुढं 39, मागं 3. दीडशे किलो पाण्याचा तोल 17 सेंटिमीटर पुढं सरकतो. ही झाली शांतपणे कललेल्या पाण्याची गोष्ट. ब्रेक अचानक बसला तर पाणी या रेषेवर थांबत नाही, ओलांडून जातं, टाकीच्या छताला धडकतं आणि परत फिरतं. गेटजवळचा ढुबुक् तोच.

या येरझारीला ठरलेली लय असते. भाच्याच्या अर्ध्या टाकीत एक फेरी पावणेदोन सेकंदांची. आता गाडी चालवताना आपण काय करतो? खड्डा चुकवायला स्टिअरिंग इकडं, मग तिकडं. ब्रेक, मग सोडला. हे सगळं दीड-दोन सेकंदांच्या तालातच होतं. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसे आपण नकळत पाण्याला झोके देत असतो. चोर्ला घाटात तर एका वळणाचं पाणी परतायच्या आत पुढचं वळण येतं.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजी विहिरीवरून घागर आणताना पाण्यावर फणसाची दोन पानं टाकायची. लहानपणी मला वाटायचं, शोभेला असतील. पानांमुळं लाट उठायला अडथळा होतो आणि तिची ऊर्जा पानांच्या घासण्यात खर्च होते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी फेसाचं असंच मोजमाप प्रसिद्ध केलं. द्रवावर बुडबुड्यांचे काही थर असले तरी हिंदकळणं झपाट्यानं मरतं. फेसाळ कॉफी सांडत नाही ती त्यामुळं. आजीला शोधनिबंध लिहायचं कोणी सांगितलं नाही, एवढंच.

टाकीत पानं टाकली तर पंप चोंदेल. तिथं उपाय आडपडद्याचा, टाकीच्या आत रुंदीभर उभ्या केलेल्या भिंतीचा. (मराठीत आपण आडपडदा न ठेवण्याचं कौतुक करतो, टाकीच्या बाबतीत उलट.) मध्यावर एक आडपडदा घातला की प्रत्येक खणात पाण्याला निम्मीच लांबी मिळते. ते निम्मंच चढतं, आणि निम्मंच अंतर जातं. निम्म्याचं निम्मं पाव. आपल्या हिशेबातले 17 सेंटिमीटर 4 वर येतात. लयही बदलते, पावणेदोन सेकंदांची फेरी एका सेकंदावर येते आणि चालकाच्या तालाशी तिचं जमेनासं होतं. आडपडद्याला भोकं ठेवावी लागतात, नाहीतर एक खण भरेल आणि दुसरा कोरडा राहील. पण भोकांचा दुसराही उपयोग असतो. त्यातून घुसताना पाण्याला भोवरे पडतात आणि लाटेचा जोर त्यात जिरतो.

रॉकेटवाल्यांनाही हे सुटलेलं नाही. मार्च 2007 मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन 1 चं दुसरं उड्डाण वरच्या टप्प्यातला द्रव ऑक्सिजन हिंदकळून फसलं. त्या टाकीत आडपडदे नव्हते.

आता बांधण्याबद्दल. माझी खरी भांडणं इथंच झाली.

भाच्यानं टाकी प्लायवूडवर ठेवून वरून दोन रॅचेट पट्टे आवळले होते. “हलून बघा, मामा.” मी हलवलं, नाही हलली. पण हातानं ढकलणं म्हणजे ब्रेक नव्हे. युरोपात गाडीतला माल बांधताना पुढच्या दिशेला त्याच्या वजनाच्या 0.8 पट जोर धरतात, बाजूंना आणि मागं 0.5 पट. टाकी, पाणी, काही सांगाडा मिळून 350 किलो. म्हणजे पुढं 280 किलोचा रेटा. प्लास्टिक आणि प्लायवूडमधलं घर्षण वजनाच्या 0.3 पट धरलं तर ते अडवणार 105. बाकीचं पट्ट्यांनी टाकीला खाली दाबून मिळवायचं, आणि त्यासाठी जवळजवळ 580 किलोचा दाब हवा. तेवढा आवळला तर टाकी पिचकते. पिचकली की पट्टा ढिला. शिवाय उन्हात प्लास्टिक मऊ पडतं. सकाळचा घट्ट पट्टा दुपारी वाजायला लागतो.

आणि हे नुसत्या ब्रेकचं. ताशी 40 किलोमीटर वेगानं गाडी झाडावर गेली आणि अर्ध्या मीटरात थांबली, तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या साडेबारा पटीवर जातं. साडेतीनशे किलोचा रेटा तेव्हा सुमारे 4400 किलो होतो. चालकाच्या पाठीमागं आहे एक पातळ पत्रा. हा आकडा ऐकल्यावर भाचा पहिल्यांदा गप्प बसला.

मग आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो. त्यानं अँगलचा सांगाडा केला, टाकी नीट बसली, आणि खालच्या पत्र्याला चार भोकं पाडून बोल्ट मारून दिले. पंधरा दिवसांनी मॅट उचलून बघितलं तर भोकांभोवती पत्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा वर आला होता. एक वायसर तर अर्धा पत्र्यात रुतलेला. बोल्ट ठणठणीत. दोष बोल्टचा नसतोच बहुतेक. 12 मिलिमीटरचा 8.8 छापाचा बोल्ट पाच टनांच्या आसपास ताण सोसतो. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा त्याच्या आधी फाटतो. तो फाटतो वायसरच्या कडेनं. 24 मिलिमीटरच्या वायसरचा परीघ 75 मिलिमीटर, 10 सेंटिमीटर चौरस पट्टीचा 400. खालून पाच मिलिमीटर जाड पट्टी लावली की तोच रेटा पाचपटीहून जास्त कडेवर वाटला जातो. त्याहून चांगलं म्हणजे पत्र्याच्या भानगडीत न पडता सांगाडा चासीच्या चॅनेलला किंवा सीटच्या मूळ बोल्टांच्या जागी जखडणं.

उद्यमबागेत दुसऱ्या एकाकडं आम्ही तसं करून घेतलं. त्यानं आधी गाडीखाली झोपून बॅटरीच्या उजेडात ब्रेकचा पाइप, डिझेलची टाकी आणि वायरिंग कुठून जातं ते खडूनं आखलं, मगच ड्रिल हातात घेतलं. माणूस पसंत पडला. भोकांना रेड ऑक्साइड लावायलाही विसरला नाही. इथल्या पावसाळ्यात उघड्या भोकाला दोन महिन्यांत गंज धरतो.

टाकी कुठं ठेवायची यावर मात्र फार वाद झाला नाही. भाच्याला ती मागच्या दाराशी हवी होती, पाइप लावायला सोपं म्हणून. दोन आसांत 2.1 मीटर अंतर आणि मागच्या आसाच्या 30 सेंटिमीटर मागं 350 किलो, तर पुढच्या चाकांवरचं 50 किलो वजन कमी होतं. तराजूच आहे तो. स्टिअरिंग हलकं लागलं की नवखा चालक खूश होतो. ओल्या रस्त्यावर वळताना कळतं. टाकी मागच्या आसाच्या जरा पुढं गेली, लांबीच्या दिशेत, पुढच्या टोकाला सांगाड्याचा आडवा चॅनेल टेकवून. आता रेटा घर्षणावर नाही, लोखंडावर. पट्टे आहेत अजून, पण ते फक्त टाकी वर उडू नये म्हणून.

आडपडदा घातलेली टाकी मुद्दाम अर्धीच भरून त्याच रस्त्यानं निघालो. गेट पडत होतं. ब्रेक. पाठीमागून ‘चुळुक-चुळुक’ असं काहीतरी बारीक ऐकू आलं आणि मिटलं. गाडीनं मान टाकली नाही. मालगाडी जाईपर्यंत आम्ही बसून राहिलो.

“मामा,” भाचा म्हणाला, “एक विचारू? टपावर कॅरियर हाय. शंभर लिटरची बारकी टाकी वर टाकली तर?”