लाईट गेली की लिफ्ट कोसळत नाही

बेळगावात टिळकवाडीत अपार्टमेंटं झाली, तरी खानापूर-निपाणीहून लेकाकडे आलेली वडीलधारी मंडळी गुडघे धरत जिनाच चढतात. भीती एकच: लाईट गेली तर लिफ्ट खाली कोसळेल. हे खरं नाही. लिफ्टचा ब्रेक वीज मिळाली तरच सुटतो. लाईट गेली की स्प्रिंगच्या जोरानं तो आपोआप आवळतो आणि लिफ्ट आहे तिथंच थांबते. शिवाय दोरही एकच नसतो. त्यातूनही वेग वाढलाच, तर डब्याखालच्या पकडी बाजूच्या उभ्या रुळांना घट्ट धरतात. लिफ्ट बनवणाऱ्या एलिशा ओटिस या अमेरिकन माणसानं १८५४ मध्ये न्यूयॉर्कला भर गर्दीत दोर कापायला लावून हेच दाखवलं होतं. गुदमरायचीही भीती नको, डबा हवाबंद नसतो.

खरा धोका दार फाकवून मधूनच उडी मारण्यात आहे; खालच्या पोकळीत पडून जीव जातो. अलार्म दाबा आणि आतच थांबा.