पहाटेची हवा आणि हायवे

हिवाळ्यात पहाटे साडेपाचला हायवेच्या सर्व्हिस रोडवर चालायला निघालेली मंडळी मुंबईत हमखास भेटतात. कानटोपी, मफलर आणि मनात पक्का हिशेब: आत्ता गाड्या कमी, म्हणजे हवा चांगली. या हिशेबात वारा मात्र कुणी धरलेला नसतो.

लॉस एंजेलिसमध्ये तो धरला गेला. तिथल्या ४०५ क्रमांकाच्या फ्रीवेलगत दिवसा केलेल्या मोजण्या २००२ साली प्रसिद्ध झाल्या. वारा रस्ता ओलांडून ज्या बाजूला जातो, तिथे अगदी कडेला अतिसूक्ष्म कण अनेक पटींनी जास्त सापडले, पण सुमारे ३०० मीटरवर त्यांची संख्या आजूबाजूच्या हवेइतकीच उरली. हे कण १०० नॅनोमीटरहून लहान. आपला केस त्यांच्या शेकडो पट जाड. वाटेत ते ताज्या हवेत विरळ होतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही तर चक्क वाफ होऊन जातात.

मग २००९ साली सांता मोनिकातल्या १० क्रमांकाच्या फ्रीवेचा अभ्यास आला. वेळ सूर्योदयापूर्वीची, वाहनं दिवसाच्या गर्दीपेक्षा कमी. तरी प्रदूषणाचा पट्टा वाऱ्याच्या दिशेला जवळजवळ दोन किलोमीटर पसरलेला!

रात्रभर जमीन उष्णता सोडून गार होते आणि तिला टेकलेली हवाही गारठते. गार हवा जड, त्यामुळे ती वर चढत नाही. वरच्या उबदार थराचं पातेल्यावर ठेवावं तसं झाकण बसतं. वाराही मंदावतो. वेग निम्मा झाला, की तेवढ्याच धुरात मिसळायला हवाही निम्मीच मिळते, म्हणजे प्रदूषण साधारण दुप्पट. धूर उभा पसरू शकत नाही, मग आडवा सरकत राहतो. ऊन चढलं, जमीन तापली, की हवा घुसळली जाते आणि झाकण उडतं.

वाऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. वारा रस्त्याला समांतर वाहू लागला, तर मागच्या गाड्यांचा धूर पुढच्यांच्या धुरात भरच घालत जातो. आडवा वाहिला, तर एकाच बाजूच्या वाट्याला सगळं येतं. मुंबईचा पश्चिम द्रुतगती महामार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात तेव्हा पूर्वेकडच्या इमारतींना धूर जास्त. हिवाळ्यातल्या रात्री मतलई वारे सुटले की पश्चिमेकडच्यांना. घर घेताना आपण समुद्र दिसतो का ते विचारतो, हे कुणी विचारत नाही.

कॅलिफोर्नियाने २००३ साली कायदा करून फ्रीवेपासून ५०० फुटांच्या आत नव्या शाळा बांधण्यावर बंधनं घातली. ५०० फूट म्हणजे जेमतेम १५० मीटर. सांता मोनिकातला पहाटेचा पट्टा त्याच्या तेरापट लांब होता. त्या वेळी शाळा रिकाम्या असतात, घरं मात्र भरलेली.