आलेखातील लेबले आणि सूची

संख्यात्मक गणनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या आलेखाला अक्षांची नावे, एकके, शीर्षक, बिंदूंजवळच्या टिपा आणि कोणती रेघ कशाची हे सांगणारी सूची, म्हणजेच लेजंड, जोडण्याची पद्धत. आकडेमोड कितीही अचूक असली तरी अक्षावर ‘सेकंद’ की ‘मिलिसेकंद’ हे लिहिलेले नसेल, तर आलेख ही नुसती वळणदार रेघ उरते.

मूलभूत आज्ञा बहुतेक ठिकाणी सारख्याच आहेत. मॅटलॅब या गणनाच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमधील एक्सलेबल, वायलेबल, टायटल आणि लेजंड ही नावे ऑक्टेव्ह या त्याच्या मोफत पर्यायाने जशीच्या तशी ठेवली. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीचे, आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब 2003 मध्ये आले. जॉन हंटर यांनी ते मॅटलॅबच्या धर्तीवर रचल्यामुळे तिथेही हीच नावे भेटतात. 1986 पासूनचे ग्नूप्लॉट हे आलेखांचे सॉफ्टवेअर मात्र सूचीला ‘की’ म्हणते.

खरी गुंतागुंत सूचीत आहे. लेजंड आज्ञेला नुसती नावांची यादी दिली, तर ती नावे रेघा ज्या क्रमाने काढल्या त्या क्रमाने लागतात. मध्येच एक रेघ वाढली किंवा क्रम बदलला, की नावे सरकतात आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. चूक दिसत नाही, म्हणूनच ती घातक. त्यापेक्षा रेघ काढतानाच तिला नाव द्यावे: मॅटलॅबमध्ये ‘डिस्प्लेनेम’ हा गुणधर्म, मॅटप्लॉटलिबमध्ये ‘लेबल’. मग नाव रेघेसोबतच फिरते. मॅटलॅबच्या 2017 च्या पहिल्या आवृत्तीपासून सूची आपोआप अद्ययावत होते. त्यामुळे नंतर सहज ओढलेली एखादी संदर्भरेषाही ‘डेटा1’ अशा नावाने सूचीत घुसते. तिला वगळायचे तर त्या रेषेचा ‘हँडलव्हिजिबिलिटी’ हा गुणधर्म बंद करावा लागतो. मॅटप्लॉटलिबमध्ये अधोरेखेने (_) सुरू होणारे लेबल सूचीत येतच नाही.

सूची कुठे ठेवावी हे ‘बेस्ट’ या पर्यायाने सॉफ्टवेअरवर सोपवता येते. मॅटप्लॉटलिब तेव्हा रेघांवर कमीत कमी येणारी जागा शोधते. बिंदू लाखांत असतील तर हा शोध रेंगाळतो. तशीही, दोन-तीन रेघांसाठी चौकट हवीच कशाला? नाव रेघेच्या टोकाशीच लिहिले की नजरेचे हेलपाटे वाचतात. स्कॉटिश अभियंता विल्यम प्लेफेअर याने 1786 मध्ये छापलेल्या आयात-निर्यातीच्या आलेखांत नावे रेघांलगतच लिहिलेली आहेत.

आलेखाच्या आत टीप लिहिताना ती कोणत्या मापाने बसवली आहे हे पाहावे लागते. मॅटलॅबची टेक्स्ट आज्ञा साधारणपणे विदेतील (डेटातील) मूल्यांनुसार जागा घेते, म्हणून अक्षांच्या मर्यादा बदलल्या तरी टीप आपल्या बिंदूला धरून राहते. अ‍ॅनोटेशन आज्ञा मात्र संपूर्ण आकृतीची रुंदी व उंची 0 ते 1 मानते. मर्यादा बदलल्या की तिचा बाण जागच्या जागी राहतो आणि भलत्याच शिखराकडे बोट दाखवतो. मॅटप्लॉटलिबच्या अ‍ॅनोटेटमध्ये बाणाचे टोक विदेच्या मापात आणि मजकूर त्यापासून ठराविक पॉइंट (छपाईतले माप) अंतरावर, असे दोन्ही साधते.

मजकुरातील चिन्हांचेही नखरे आहेत. मॅटलॅब लेबल टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या नियमांनी वाचते, त्यामुळे फाइलच्या नावातील अधोरेखेपुढचे अक्षर खाली उतरते. ‘इंटरप्रिटर’ हा गुणधर्म ‘नन’ केला की ते वर येते.

देवनागरी लेबलांची अडचण वेगळी. मॅटप्लॉटलिबचा मूळ फाँट देजावू सॅन्स. त्यात देवनागरी अक्षरे नाहीत, म्हणून रिकामे चौकोन उमटतात. फाँट बदलूनही दीर्घकाळ प्रश्न सुटला नाही, कारण अक्षरे जोडण्याचे काम चित्रण-यंत्रणा करत नव्हती. ‘तापमान’ त्यातून तगून जायचे. ‘विद्युत’मध्ये मात्र पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जायची आणि ‘द्यु’ सुटा पडायचा. आकृती टेकच्या आज्ञांत उतरवणाऱ्या पीजीएफ यंत्रणेतून, झीलेटेक या टेकच्या युनिकोड जाणणाऱ्या प्रकाराने आकृती तयार केल्यास जोडाक्षरे नीट येतात. त्यासाठी संगणकावर टेक आणि देवनागरी फाँट दोन्ही बसवलेले असावे लागतात.