हडपसरला ग्लायडर शिकायचंय? आधी कागद, मग केबल

सासवड रोडने जाताना लांब पंखांचं, इंजिनाचा आवाज नसलेलं विमान डोक्यावरून गेलेलं पुण्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. ते हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचं ग्लायडर, विंचने म्हणजे जमिनीवरच्या केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने ओढून वर चढवलेलं. हे केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं. तिथे नुसती हौसेची फेरी मारायची असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. स्वतः चालवायचं असेल तर वाचा. आणि कागद गोळा करायच्या आधी, प्रशिक्षण सध्या चालू आहे का आणि फी किती, हे केंद्रात जाऊन विचारून या.

वय किमान १६ पूर्ण, शिक्षण दहावी पास. यापुढची पायरी म्हणजे वैद्यकीय तपासणी, आणि तिला लोक उगाच शेवटी ठेवतात. 'क्लास टू' मेडिकल डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडूनच करावी लागते. फॅमिली डॉक्टरचा दाखला चालत नाही, मग ते कितीही जुने ओळखीचे असोत. डोळे, रंगांची ओळख, कान, रक्तदाब सगळं बघतात. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचं एक पान असतं; रंगांध असल्याचं पंचविशीत पहिल्यांदा त्या पानावर कळलेली माणसं आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी मेडिकल करा. चालू असलेली औषधं लपवू नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि केबलच्या टोकाला पेंगणं परवडत नाही. मेडिकल पास झालेल्या माणसानेही गोळी घेतलेल्या दिवशी खालीच थांबायचं असतं.

कागद म्हणाल तर दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, फोटो, मेडिकलचा निकाल. यादी छोटी आहे, पण आपल्याकडे गाडी नावावर अडते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी, पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. माझ्या एका मित्राच्या वडिलांच्या नावात एका कागदावर 'राव' होतं, दुसऱ्यावर नव्हतं. तेवढ्यासाठी त्याला प्रतिज्ञापत्र करावं लागलं आणि दिवाळीनंतरचे कोरडे, उडायला चांगले दिवस हातचे गेले. सगळे कागद एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

सुरुवातीला विद्यार्थी वैमानिकाचा परवाना लागतो. त्यासाठी तोंडी परीक्षा असते. पुढच्या लेखी परीक्षेसाठी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, घ्यायचा, आणि परवान्याचे अर्ज ई-जीसीए पोर्टलवर भरायचे. विषय हवाई नियम, हवामानशास्त्र, दिशादर्शन वगैरे. नियमांचा भाग रटाळ वाटतो, पण हडपसरच्या उत्तरेला लोहगावचं हवाई दलाचं विमानतळ आहे. इथलं आकाश तुमच्या एकट्याचं नाही.

आता अनुभव. ग्लायडर परवान्यासाठी इकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) किमान निकष असा: ग्लायडरवर ६ तास उड्डाण, त्यात २ तास एकट्याने, आणि त्या एकट्याच्या उड्डाणांत किमान २० लाँच-लँडिंग. आकडा छोटा दिसतो. पण विंचवरच्या एका उड्डाणात, वर जाणारी गरम हवा मिळाली नाही तर, पाच-सात मिनिटांत चाक जमिनीला लागतं. म्हणजे तासांच्या मागे बरीच लाँच असतात, आणि खरा धोका तासांत नसतो, लाँचमध्ये असतो. विंच सुरू झाला की मिनिटभराच्या आत तुम्ही साधारण ३०० मीटरवर असता. डावा हात पिवळ्या मुठीवर, केबल सोडायच्या. जमिनीवर धावताना पंखाचं टोक खाली जायला लागलं की ती मूठ लगेच ओढायची, 'सावरेल' म्हणून वाट बघायची नाही. पंख गवतात अडकला तर विमान उलटायला एक-दोन सेकंद पुरतात. वर चढताना केबल तुटली तर आधी नाक खाली, वेग परत येईपर्यंत थांब, पिवळी मूठ ओढ, आणि मगच समोर उतरायचं की वळायचं ते ठरव. हा क्रम उलटा करणारे कमी उंचीवर वळतात आणि वळणातच पडतात. प्रशिक्षक मुद्दाम केबल सोडून हा सराव करून घेतो का, हे प्रवेश घेतानाच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर मी तिथे पैसे भरणार नाही.

काच बंद करण्याआधी दोन गोष्टी हाताने तपासा. एअरब्रेक (पंखांतून वर येणाऱ्या, विमान लवकर खाली आणणाऱ्या फळ्या) लॉक झालेत का, आणि सुटे भाग जोडून विमान तयार केल्यावर बाहेरच्या माणसाने एलेरॉन-एलेव्हेटर (पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या) धरून ठेवलेले असताना आतला दांडा हलवला तर जोर लागतो का. नुसते हलताना दिसले म्हणजे जोडणी झाली असं नाही.

परवाना आला की लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, कपाटात जातं, तसं करू नका. पावसाळ्याचे महिने खंड पडतोच. त्यानंतरची पहिली दोन-चार लाँच प्रशिक्षकाला मागे बसवून करा, नियम काही म्हणो. आणि लॉगबुकातली ओळ त्याच संध्याकाळी भरा, सही तिथेच घ्या. महिन्याभराने प्रशिक्षकाला गाठून 'त्या मंगळवारी चार लाँच होती की पाच?' असं विचारत बसायची वेळ येते.