गुरुवारचा फुकट गेम आणि त्यामागची चाळीस वर्षं

एपिक गेम्स स्टोअर या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी रात्री एखादा तरी गेम फुकट मिळतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे अकरा वाजले की आपल्याकडे उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. त्यानंतरच्या आठवडाभरात बटण दाबलं की तो गेम आपल्या खात्यात कायमचा जमा होतो. डिसेंबर २०१८ मध्ये स्टोअर उघडलं तेव्हापासून फुकट गेम वाटणं चालू आहे. पहिला गेम होता 'सबनॉटिका'. मे २०२० मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' फुकट केला तेव्हा इतकी झुंबड उडाली की स्टोअरच काही तास झोपलं.

एवढी उदारता परवडते कशी, याचं उत्तर २०२१ मध्ये अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात कागदोपत्रीच बाहेर आलं. पहिल्या नऊ महिन्यांत ३८ गेम फुकट वाटण्यासाठी एपिकने ते बनवणाऱ्यांना मिळून सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले होते आणि त्यातून जवळपास ५० लाख नवी खाती उघडली होती. म्हणजे एका नव्या गिऱ्हाइकामागे खर्च अडीच डॉलरही नाही. जाहिरातीवर पैसे उधळण्यापेक्षा हा सौदा स्वस्तातला.

एपिकला हा धंदा नवा नाही, ही यातली खरी गंमत. कंपनीचे संस्थापक टिम स्वीनी यांनी १९९१ मध्ये मेरीलँडमधल्या पोटोमॅक गावी, आईवडिलांच्या घरात बसून 'झेडझेडटी' नावाचा गेम काढला. अक्षरांच्या आणि चिन्हांच्याच चित्रांचा हा गेम होता. त्याचा पहिला भाग फुकट, कोणीही कोणालाही कॉपी करून द्यावा. आवडला तर पुढच्या भागांसाठी पैसे पाठवायचे. कंपनीचं तेव्हाचं नाव होतं पोटोमॅक कॉम्प्युटर सिस्टिम्स. अर्धा फुकट देऊन उरलेला विकणारा तो माणूस आज अख्खे गेम फुकट देतो, एवढाच फरक.

ही पद्धतही स्वीनींनी शोधलेली नव्हती. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगलमन यांनी 'पीसी-टॉक' आणि जिम नॉफ यांनी 'पीसी-फाइल' हे प्रोग्रॅम जवळपास एकाच सुमारास बाहेर सोडले. प्रोग्रॅम वापरा, मित्रांना द्या, उपयोगी वाटला तर काही डॉलर पाठवा, असा संदेश त्यांत होता. पुढच्याच वर्षी बॉब वॉलेस यांचा 'पीसी-राइट' आला आणि शेअरवेअर हे नाव सगळीकडे रूढ झालं. हिशेबाच्या आणि लिखाणाच्या प्रोग्रॅमना हे जमलं, कारण रोज वापरणाऱ्याला पैसे पाठवावेसे वाटायचे. गेमचं तसं नाही. एकदा संपवला की कोण कशाला चेक लिहितो? अपोजी या गेम विकणाऱ्या कंपनीच्या स्कॉट मिलर यांनी यावर १९८७ मध्ये 'क्रोझ'च्या मालिकेत तोड काढली. गेमचे भाग पाडायचे, पहिला मोकळा सोडायचा आणि गोष्ट रंगात आली की बाकीचे विकायचे.

अपोजीमार्फतच १९९० च्या डिसेंबरमध्ये 'कमांडर कीन' आला, १९९२ मध्ये 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी'. मग १० डिसेंबर १९९३ ची ती रात्र. हे दोन्ही गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरला 'डूम' या नव्या बंदूकबाजीच्या गेमचा फुकट भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर, म्हणजे फाइली ठेवायच्या कॉम्प्युटरवर, चढवायचा होता. पण वाट पाहणाऱ्यांची सर्व्हरवर इतकी गर्दी झाली होती की खुद्द बनवणाऱ्यांनाच आत शिरायला जागा मिळेना. फाइल कशीबशी चढली आणि उतरवून घेणाऱ्यांच्या रेट्यापुढे विद्यापीठाचं नेटवर्क कोलमडलं. जाहिरातीचा खर्च जवळजवळ शून्य. चार वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये, आयडीने 'डूम'चा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाणही, खुलं केलं. आज टोस्टरपासून प्रिंटरपर्यंत कशावरही 'डूम' चालवून दाखवणाऱ्यांचे व्हिडिओ दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडे यातला 'पैसे पाठवा' हा भाग कधी पोचलाच नाही. विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि पाठवायचे म्हटले तरी डॉलर पाठवायचे कसे? शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, क्लासमध्ये, काकाच्या ऑफिसातल्या पीसीवर गेम यायचे ते फ्लॉपीवरून. त्यातला 'डेव्ह' न खेळलेला नव्वदच्या दशकातला विद्यार्थी विरळाच. हा 'डेंजरस डेव्ह' जॉन रोमेरो यांनी १९८८ मध्ये डिस्कवर निघणाऱ्या एका मासिकासाठी बनवला होता. हेच रोमेरो पुढे आयडीच्या संस्थापकांपैकी एक झाले. म्हणजे 'डूम'च्या घराण्याशी आपली ओळख पाचवी-सहावीतच झाली होती, फक्त कोणाला पत्ता नव्हता.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' मात्र सरळसरळ विकत घ्यायचा गेम होता. पहिली लेव्हल पार केली की एका खोलीत जमिनीवर औषधाच्या बाटल्या दिसायच्या आणि प्रत्येकीवर एकेक अक्षर. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या, तमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधून तीच बाटली प्यायची. चुकीची प्यायली तर इजा व्हायची, आणि चुका वाढल्या की खेळ खलास. अस्सल प्रत घेणाऱ्याकडे मॅन्युअल असणार, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे मॅन्युअल पाहिलेलं कोणीच नव्हतं. बहुतेक फ्लॉप्यांवर ती खोली गाळलेली प्रतच फिरायची, आणि ज्याच्याकडे तशी नव्हती तो अंदाजाने एकेक बाटली पिऊन मरत राहायचा. पायरसी हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी आम्ही त्यात मुरलेले होतो.

मग मासिकांच्या सीड्या आल्या. 'चिप' आणि २००१ पासून त्याच्याच जागी आलेलं 'डिजिट' अनेक जण लेखांपेक्षा सीडीसाठीच घ्यायचे, हे उघड गुपित आहे. डायल-अपवर सगळं सुरळीत चाललं तरी सेकंदाला पाचेक केबी मिळायचे. १०० एमबीचा डेमो म्हणजे पाच-सहा तास, मध्ये कोणाचा फोन आला नाही तर, आणि बिल वेगळंच. सीडीवर साडेसहाशे एमबी माल तयार असायचा. त्यात डेमो, पॅचेस, डायरेक्टएक्स, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर, विनॅम्प, इरफानव्ह्यू असं सगळं. कायदेशीर फुकट सॉफ्टवेअरची सवय मराठी घरांत लागली असेल तर ती या सीड्यांनी लावली, असं माझं मत आहे. अर्थात त्याच काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अख्खे गेम मूळ किमतीच्या क्षुल्लक हिश्शात मिळत होते, त्यामुळे ती सवय अर्धवटच लागली.

सायबर कॅफेत तर 'काउंटर-स्ट्राइक'चंच राज्य. तोही मुळात फुकटच. १९९९ मध्ये मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ'वर बेतलेला तो एक मॉड, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये बदल करून बनवलेला गेम होता, वर्षभरात 'हाफ-लाइफ'च्याच व्हॉल्व कंपनीने विकत घेतला. सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम हे व्हॉल्वचं ऑनलाइन दुकान आलं आणि 'काउंटर-स्ट्राइक'ची १.६ आवृत्ती खेळायला तिथे खातं लागू लागलं, तशी कॅफेवाल्यांची पंचाईत झाली. त्यातून 'नॉन-स्टीम' ही आपल्याकडची अजरामर आवृत्ती घराघरांत पोचली. स्टीमवर रुपयांत किमती दिसायला नोव्हेंबर २०१५ उजाडलं. त्याआधी डॉलरचा भाव आणि परदेशी व्यवहार चालणारं कार्ड हे दोन अडथळे होतेच.

दरम्यान व्हॉल्वला दुसरीच वाट सापडली होती. जून २०११ मध्ये 'टीम फोर्ट्रेस २' फुकट केला आणि कमाई आतल्या टोप्यांच्या विक्रीवर सोडली. 'डोटा २', पुढे २०१८ मध्ये 'सीएस:गो', मग रायट कंपनीचा 'व्हॅलोरंट', सगळे याच रांगेतले. गेम फुकट, बंदुकीवरची नक्षी विकत. 'व्हॅलोरंट'मध्ये आणखी एक गोष्ट द्यावी लागते: त्याचा व्हॅनगार्ड हा चीट पकडणारा प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो आणि पीसी चालू होतानाच सुरू होतो. ज्याला हे चालतं त्याने खुशाल खेळावं, पण पत्करतोय काय ते माहीत असावं.

जुन्या गेमची गोष्ट वेगळी. कंपनी बुडाली, गेम बाजारात नाही, म्हणून तो आपोआप फुकट होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतींतच मोडतो, आणि तिथे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण काही मालकांनी स्वतःहून दार उघडलं. रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरने २००३ मध्ये 'बिनीथ अ स्टील स्काय' मोकळा केला, बेथेस्डाने 'एल्डर स्क्रोल्स'चे पहिले दोन भाग. ते आजच्या पीसीवर चालवायला डॉसबॉक्स आणि स्कमव्हीएम हे प्रोग्रॅम लागतात, तेही फुकट.

आता सॉफ्टवेअरकडे. फाइली दाबून लहान करणारा विनरार १९९५ पासून चाळीस दिवसांची मुदत देतो आणि मुदत संपली की दरवेळी नम्रपणे आठवण करतो, पण चालायचा थांबत नाही. शेअरवेअरचा तो शेवटचा जुना खांब म्हणावा. आयगोर पाव्हलोव यांच्या सेव्हन-झिपने १९९९ पासून तेच काम विनाअट करून दिलंय. स्क्रीनवरचा खेळ रेकॉर्ड करायचा तर आधी फ्रॅप्स असायचं. फुकट प्रतीत जेमतेम तीस सेकंद रेकॉर्ड व्हायचे, वर तिचं नाव ठळक झळकायचं. २०१२ मध्ये फुकटचं ओबीएस आलं आणि तो प्रश्नच मिटला. ग्राफिक्स कार्डाचं तापमान आणि फ्रेम दाखवणारं एमएसआय आफ्टरबर्नर हे रिव्हाट्यूनर या जुन्या प्रोग्रॅमच्याच कोडवर उभं आहे, म्हणून कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी बहुधा चालतं.

पण याच क्षेत्रात फसवणूकही सर्वाधिक झाली. 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलं की ब्राउझरला एक टूलबार चिकटलेला, मुख्य पान बदललेलं आणि कधी न मागितलेला अँटिव्हायरस कोपऱ्यात बसलेला, हे २०१० च्या आसपास कोणाच्या पीसीवर झालं नाही? 'हेही घ्या' अशी टिकमार्क आधीच लावलेली असायची, तीही फिकट राखाडी अक्षरांत. डिसेंबर २०११ मध्ये नेटवर्क तपासणाऱ्या एनमॅप या प्रोग्रॅमच्या कर्त्याने डाउनलोड डॉट कॉम या साइटवर जाहीर तोफ डागली, कारण त्याच्या प्रोग्रॅमला तिथे भलत्याच इन्स्टॉलरचं वेष्टण घातलं होतं. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या साइटवर गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तेच झालं. मुक्त सॉफ्टवेअरचं माहेरघर मानलेल्या ठिकाणी हे घडल्याने बोभाटा मोठा झाला. पुढच्या वर्षी मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती योजना गुंडाळली. म्हणून आजही सॉफ्टवेअर घ्यायचं तर ते बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून, शोधयंत्रातल्या पहिल्या जाहिरातीवरून नाही.

त्याच २०१५ च्या मार्चमध्ये यूटॉरेंट या फाइली उतरवायच्या प्रोग्रॅमबरोबर क्रिप्टो चलन खणणारा एक प्रोग्रॅम पीसीत शिरतो अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच तो काढावा लागला. यूटॉरेंट मुळात स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगियस यांनी २००५ मध्ये लिहिलं होतं. तोवर ते विकलं जाऊन आठेक वर्षं झाली होती. याच माणसाने त्याआधी स्कमव्हीएमची सुरुवात केली होती, आणि २००४ मध्ये 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' हा वाहतुकीच्या धंद्याचा जुना गेम उलगडून त्यातून 'ओपनटीटीडी' उभा केला. बरीच वर्षं तो खेळायला मूळ गेमच्या चित्रांच्या फाइली लागायच्या. स्वयंसेवकांनी स्वतःची चित्रं, आवाज आणि संगीत तयार केलं आणि २०१० च्या १.० आवृत्तीपासून तीही अट गेली. २०२१ मध्ये तो स्टीमवरही आला, फुकट, आतमध्ये विकायला काहीही नाही. त्याच्या भाषांच्या यादीत मराठीची फाइल आहे, पण अर्धवट भाषांतरांच्या फोल्डरात. ती पुढे न्यायला कोणाची परवानगी लागत नाही.