तडीपारीचा भंग व त्यावरील खटले (ग्रामीण विदर्भ)

तडीपार केलेली, म्हणजे सरकारी भाषेत हद्दपार केलेली व्यक्ती मुदत संपण्याआधी विनापरवानगी मनाई केलेल्या हद्दीत शिरली, तर तिच्यावर चालणारा फौजदारी खटला. त्याचा आधार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (२०१२ पर्यंत मुंबई पोलीस अधिनियम) याचे कलम १४२ हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. न्यायाधीशाने लेखी कारण दिल्याशिवाय कैद सहा महिन्यांहून कमी करता येत नाही. देशाची सीमा बेकायदा ओलांडण्याच्या गुन्ह्याशी याचे साम्य रचनेपुरते आहे. तिथेही आखलेल्या रेषेच्या आत येणे हेच गुन्ह्याचे कृत्य असते, पण तो गुन्हा १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व विदेशी नागरिकविषयक केंद्रीय कायद्याखाली येतो आणि त्याची कमाल कैद पाच वर्षे आहे. तडीपारीत मात्र रेषा जिल्ह्याची असते आणि आत येणारा त्याच जिल्ह्याचा रहिवासी असतो.

उगम : या प्रथेच्या उगमाविषयी दोन मते मांडली जातात. एका मतानुसार मराठा अमलातील हद्दपारीची शिक्षा व गावकीचा बहिष्कार यांची ही कायदेशीर वारसदार होय. दुसऱ्या मतानुसार ती निव्वळ वासाहतिक पोलीस कायद्यांची निर्मिती आहे. मराठा काळात गुन्हेगाराला मुलुखाबाहेर घालवीत, यात शंका नाही. मात्र ती सिद्ध गुन्ह्याची शिक्षा होती. आजची तडीपारी प्रतिबंधक आहे आणि तिला दोषसिद्धी लागतेच असे नाही. हा फरक लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

विदर्भापुरता हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण येथे कायद्याचे दोन प्रवाह एकत्र आले. मुंबई इलाख्यात १९०२ च्या शहर पोलीस कायद्याचे हद्दपारीविषयक कलम २७ होते. १९५१ च्या अधिनियमाने तो कायदा व १८९० चा जिल्हा पोलीस कायदा एकत्र केले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता व येथे मध्य प्रांत व वऱ्हाड गुंडा अधिनियम, १९४६ लागू होता. त्यात ‘गुंडा’ची व्याख्या इतकी सैल होती, की सार्वजनिक शांततेला धोकादायक वाटणारा कोणीही तीत बसावा. माणूस खरोखर गुंड आहे की नाही हे आधी ठरवण्याची सक्तीही अधिकाऱ्यावर नव्हती. याच उणिवांवर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलदेव प्रसाद या प्रकरणात (१९६०-६१) तो कायदा घटनाबाह्य ठरवला. तोवर, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. मुंबईचा पोलीस अधिनियम येथे १९५९ च्या सुमारास लागू झाला असावा. मुंबईच्या तरतुदी मात्र न्यायालयात टिकल्या होत्या : १९०२ चे कलम १९५२ मध्ये, तर १९५१ च्या अधिनियमाचे कलम ५७ हे १९५६ मध्ये वैध ठरले.

एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. संविधान लागू झाल्यावर हद्दपारीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अगदी आरंभीच्या प्रकरणांपैकी एक नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांचे होते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या या माजी पंतप्रधानांना १९५० मध्ये दिल्लीतून तीन महिन्यांसाठी हद्दपार करण्यात आले. न्यायालयाने बहुमताने त्या हद्दपारीमागचा कायदा उचलून धरला.

आदेश व त्याचा भंग : १९५१ च्या अधिनियमाचे कलम ५५ टोळ्यांसाठी, कलम ५६ धोकादायक वर्तनासाठी व कलम ५७ पूर्वी शिक्षा झालेल्यांसाठी आहे. ग्रामीण भागात सर्वाधिक वापर कलम ५६ चा होतो. ठाणेदार प्रस्ताव तयार करतो, उपविभागीय पोलीस अधिकारी चौकशी करून तो पुढे धाडतो आणि उपविभागीय दंडाधिकारी (लोकांच्या तोंडी ‘एसडीओ साहेब’) कलम ५९ ची नोटीस काढून म्हणणे ऐकून घेतो. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत, असे मत अधिकाऱ्याने बनवलेले असावे लागते. म्हणून प्रस्तावासोबत गोपनीय जबाब जोडतात, ज्यांत नाव नसते आणि बहुधा मजकूर एकाच साच्याचा असतो. मुदत कमाल दोन वर्षे. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

भंगाचा खटला वरवर पाहता सोपा आहे. आदेश होता, तो बजावला होता, मुदत चालू होती आणि आरोपी हद्दीत सापडला, एवढेच सिद्ध करायचे असते. फिर्यादी बहुतेक वेळा पोलीस शिपाई असतो आणि फिर्यादीची सुरुवात ‘गोपनीय बातमीदाराकडून खबर मिळाली की’ अशी ठरलेली असते. आरोपी घरात, बसस्थानकावर किंवा पानठेल्यावर सापडतो. आदेश बजावल्याची सही नसणे, पंच फितूर होणे आणि सापडल्याची जागा नेमक्या हद्दीत असल्याचा पुरावा नसणे या बाबी बचाव पक्षाच्या कामी येतात. शेवटचा मुद्दा विदर्भात पोकळ नाही. वणीहून वरोऱ्याला जाताना वर्धा नदीवरील पाटाळ्याचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपून चंद्रपूर लागतो. धामणगाव रेल्वे आणि पुलगाव यांच्यामध्येही वर्धा नदीच आहे. पुलाच्या कोणत्या टोकाला पकडले, हे पंचनाम्यात स्पष्ट नसेल तर खटला डळमळतो.

यामुळेच आदेशात लगतचे जिल्हेही घालण्याची प्रवृत्ती असते आणि कायदा त्यास मुभा देतो. मात्र तक्रारी एका तालुक्यातल्या आणि तडीपारी तीन जिल्ह्यांतून, असे आदेश कारणे नसल्यास उच्च न्यायालयात टिकत नाहीत. राज्याबाहेर तर हा आदेश चालतच नाही. पांढरकवड्याच्या माणसाला आदिलाबाद, वरुडच्या माणसाला पांढुर्णा आणि धारणीच्या माणसाला बऱ्हाणपूर जवळ पडते. असा माणूस दिवसा पलीकडे राहून रात्री घरी येतो, अशी पोलिसांची नेहमीची तक्रार आहे.

कल : आदेशांची संख्या निवडणुका आणि पोळा, गणपती, दुर्गोत्सव यांच्या आधी फुगते व भंगाचे गुन्हे त्यामागोमाग वाढतात. ही वाढ गुन्हेगारीची नसून प्रशासकीय वेळापत्रकाची आहे, असे मानणे सयुक्तिक होईल. दारूबंदीच्या जिल्ह्यांत (वर्धा १९७५ च्या सुमारापासून, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ ते २०२१) अवैध दारूविक्रेत्यांविरुद्धही हे हत्यार वापरले जाते. शेतकरी कुटुंबातल्या तडीपाराला पेरणी, लग्न किंवा तेरवीसाठी कलम ६२(२) खाली तात्पुरती परवानगी मागता येते. ती मुदत उलटून एक दिवस जास्त राहिले तरी कलम १४२ लागू होते. स्वतःच्याच जुन्या खटल्याच्या तारखेसाठी यायचे असल्यास आदेशात बहुधा वेगळी सवलत असते.

अलीकडच्या दोन निकालांनी आदेशांची छाननी कडक केली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरावतीच्या एका पत्रकाराची वर्षभराची तडीपारी रद्द केली. शाळा व मदरशांच्या निधीतील कथित गैरव्यवहाराविरुद्ध त्याने तक्रारी केल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या प्रकरणात न्यायालयाने तडीपारीला असाधारण उपाय म्हटले. जुन्यापुराण्या गुन्ह्यांचा आधार चालणार नाही आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत का, हे आदेशातून दिसले पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. तेव्हापासून आदेशांतील कारणांचे परिच्छेद लांबले आहेत. त्यांतील विचारही तितकाच वाढला, असे म्हणवत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलम ५६ मात्र जुन्या संहितेच्या १२, १६ व १७ या प्रकरणांचा उल्लेख करते. जुन्या सोळाव्या प्रकरणातील शरीराविरुद्धचे गुन्हे नव्या संहितेत मुख्यतः सहाव्यात, तर स्त्रिया व बालकांविरुद्धचे पाचव्यात गेले आहेत. मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांचे प्रकरण योगायोगाने सतरावेच राहिले. अशा वेळी जुना उल्लेख नव्या तरतुदींना लागू समजावा, हा सर्वसाधारण नियम आहे.

सराईत आरोपींबाबत आता तडीपारीऐवजी धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या १९८१ च्या कायद्याखालील (एमपीडीए) वर्षभराच्या स्थानबद्धतेकडे पोलिसांचा ओढा दिसतो. या कायद्यात पुढे वाळू तस्करांचाही समावेश झाला. स्थानबद्ध माणूस तुरुंगातच असल्याने हद्दीत परत येण्याचा गुन्हा तेथे उद्भवत नाही.